संहती, घनता आणि लोहाराचा घण

‘द्रावणाची घनता वाढली की अभिक्रियेचा दर वाढतो’ असे लिहिले तर काय बिघडले, संहती आणि घनता एकच ना, असा प्रश्न आला आहे. एकच नव्हेत, आणि हे वाक्य इतक्यांदा कानावर पडते की आता चीड येते. संहती म्हणजे द्रावणात पदार्थ किती प्रमाणात विरघळला आहे ते (concentration), आणि घनता म्हणजे ठरावीक आकारमानाचे वस्तुमान (density). पाण्यात अमोनिया जितका जास्त विरघळवावा, तितकी द्रावणाची घनता कमी होत जाते. प्रयोगशाळेतले सुमारे २८ टक्क्यांचे द्रावण पाण्याहून हलकेच असते. संहती चढते, घनता उतरते. एवढा पुरावा पुरे.

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. गम्‌पासून गती आणि मन्‌पासून मती, तशी सम् उपसर्गासह हन्‌पासून संहती. हन् म्हणजे आघात करणे. ‘मूर्तौ घनः’ या पाणिनीय सूत्राप्रमाणे काठिण्याच्या अर्थी घन हा शब्दही हन्‌चाच, आणि लोहाराचा घणही त्याच कुळातला. म्हणजे ज्या दोघांची गल्लत होते ती सख्खी भावंडे आहेत. संहतीला संहितेच्या पंक्तीला बसवणारे पंडितही भेटतात. संहितेत धातू धा आहे आणि संहारात हृ, पण आडनावावरून सोयरीक जुळवणाऱ्यांना हे कोणी सांगावे?

परिभाषाकारांनी योजून केले असो वा नसो, हन् हा धातू येथे नेमका बसला आहे. साखरेचे आम्लातील विघटन मोजताना विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाला १८५० मध्येच दिसले की, जितकी साखर शिल्लक, तितका दर. पुढे ट्राउट्झ (१९१६) आणि लुइस (१९१८) या रसायनशास्त्रज्ञांनी अभिक्रियेचा दर रेणूंच्या टकरींवरून मांडला. कण दाटले की टकरी वाढतात, आणि टक्कर म्हणजे संघात, तोही सम् + हन्! सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल घालून खालच्या कागदावरची फुली पाहत राहावे: अभिक्रियेत सुटणाऱ्या गंधकाने ती झाकली जाण्यास, थायोसल्फेटचे द्रावण निम्म्या संहतीचे केल्यावर, सुमारे दुप्पट वेळ लागतो.

संहतीऐवजी ‘तीव्रता’ सुचवणाऱ्या कोशभक्तांनी असेटिक आम्लाची (व्हिनेगरमधल्या आम्लाची) बाटली पाहावी. आम्ल तीव्र की सौम्य हे ते पाण्यात कितपत विघटित होते यावर ठरते, किती विरघळवले आहे यावर नव्हे. ते जवळजवळ निर्जल असले तरी सौम्य आम्लच राहते, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केले तरी तीव्र आम्लच.

मूळ वाक्यात संहती लिहूनही काम भागत नाही, ‘बहुधा’ही घालावे लागेल: तापलेल्या टंगस्टनवर अमोनियाचे विघटन होताना धातूचा पृष्ठभाग आधीच रेणूंनी व्यापलेला असतो, म्हणून वायूचा दाब, म्हणजेच त्याची संहती, वाढवली तरी दर जवळजवळ हलत नाही.