12 दिवसांत युरोपची 7 शहरं, हनिमूनसाठी मुंबई–पॅरिस रिटर्न तिकीट बुक करू का?

नका करू. पुढचं काही नाही वाचलंत तरी चालेल पण ते स्वस्त रिटर्न तिकीट आत्ता बुक करू नका.

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये लग्न, मे अखेरीस 12 दिवस, आणि त्यात पॅरिस, ॲमस्टरडॅम (ट्युलिपसाठी), इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग बसवायचंय. आता सात शहरं होतात का तर होतात की, ग्रुप टूरवाले ह्याहून जास्त करतात, सकाळी सातला बॅगा रूमच्या बाहेर आणि आठला बस. तसंच करायचं असेल तर खुशाल करा, पण मग दोघांनीच जायचा हट्ट कशाला, टूरमध्ये निदान बॅगा बसमध्ये टाकायला माणूस असतो आणि संध्याकाळी वरणभात मिळतो.

माझा राग तुमच्यावर नाहीये. "रिटर्न स्वस्त पडतंय" हे वाचलं आणि मला आमचे काका आठवले. काका म्हणजे नवऱ्याचे सख्खे काका, बँकेतून रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन ग्रुप टूरने युरोप करून आले आणि तेव्हापासून घरात युरोप म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचा. आमचं लग्न ठरलं तसं त्यांनी जाहीर करून टाकलं की विमानाची तिकिटं माझ्याकडून आहेर. एवढा मोठा आहेर म्हटल्यावर घरात अजून पाऊल न टाकलेली सून काय बोलणार? तरी मी बोलले. सदाशिव पेठेत त्यांच्याकडे केळवण होतं, ताटावर बसल्या बसल्याच सांगितलं की काका, पॅरिसला उतरतो आणि रोमहून परत येतो, मल्टी-सिटी तिकीट काढलं की झालं. काका म्हणाले, "अगं, रिटर्नमध्ये माणशी सात हजार वाचतायत, मी बघून ठेवलंय. शिवाय पॅरिस दोनदा बघायला मिळेल ते वेगळंच." सगळे हसले, कोणीतरी मला आग्रहाने अजून एक जिलबी वाढली आणि विषय संपला.

पॅरिस दोनदा काही बघायला मिळालं नाही. पॅरिसहून खाली खाली करत रोमला पोचल्यावर आम्हाला फक्त विमान पकडायला परत वर पॅरिसला यायचं होतं. म्हणजे पुण्याहून कोल्हापूर करत गोव्याला जायचं आणि परतीची गाडी मात्र नाशिकहून, कारण तिकडून पन्नास रुपये कमी पडतात. ट्रेनने करायचं तर अख्खा दिवस जातो, म्हणून एक स्वस्तातली फ्लाइट काढली. कागदावर स्वस्त. ती रोमच्या मोठ्या विमानतळावरून नाही, चाम्पिनोहून सुटत होती आणि पॅरिस म्हणून जिथे उतरवत होती ते बोव्हे, शहरापासून 80 किलोमीटरच्या वर. मोठ्या बॅगांचे पैसे वेगळे, ते आधीच भरलेले. गेटवर केबिन बॅगसुद्धा त्या लोखंडी चौकटीत घालून दाखवायला लावली, ती चाकांपुरती वर राहिली, झालं, तिचेही पैसे घेतले. मग बोव्हेहून बसने सव्वा तास, मग मेट्रो, मग आरईआर म्हणजे तिथली लोकल पकडून शार्ल द गॉल ह्या मोठ्या विमानतळाजवळचं एक हॉटेल, कारण मुंबईचं विमान सकाळचं होतं. हनिमूनची शेवटची रात्र आम्ही पार्किंग लॉटकडे तोंड असलेल्या खोलीत मशीनमधलं गार सँडविच खाऊन काढली. ती संध्याकाळ मी रोमला त्रास्तेवेरे ह्या जुन्या वस्तीत निवांत जेवायला म्हणून राखून ठेवली होती, आणि ते केळवणाच्या आधीपासून.

नवऱ्याने त्याच खोलीत फोनवर हिशोब मांडला. फ्लाइट, बॅगा, गेटवरचा दंड, बस, ट्रेन, जास्तीचं हॉटेल. वाचलेले चौदा हजार कधीच मागे पडले होते, आणि गेलेला दिवस त्यात धरलेलाच नव्हता. हा हिशोब त्याने काकांना आजतागायत दाखवलेला नाही, मोठ्यांना काय बोलायचं म्हणे. काका मात्र दर दिवाळीला फराळाला बसले की ज्याचं त्याचं लग्न ठरलंय त्याला सांगतात, "युरोपला रिटर्नच काढावं, ह्यांना मीच काढून दिलं होतं." म्हणून मी इथे लिहितेय, निदान तुम्हाला तरी कळू दे.

तर तिकीट शोधताना रिटर्नच्या शेजारी मल्टी-सिटी असतं ते निवडा, मुंबई–पॅरिस आणि परत मिलान–मुंबई किंवा व्हेनिस–मुंबई टाका. फरक कधी काहीच नसतो, कधी पाच-दहा हजार असतो. असला तरी द्या.

आता शहरं. एक शहर बदललं की अर्धा दिवस जातो, 11 ला इथलं चेकआउट, तिकडचं चेक-इन 3 ला, मधे बॅगा, स्टेशन, प्लॅटफॉर्म, भूक. सात शहरं म्हणजे सहा वेळा हे. आणि लग्न एप्रिलमध्ये आहे म्हणून मेपर्यंत फ्रेश व्हाल असं समजू नका, पूजा, गोंधळ, जेजुरी, दोन्हीकडची जेवणं ह्यातच महिना जातो. जेजुरीला नवऱ्याने मला रीतीप्रमाणे पाच पायऱ्या उचलून नेलं आणि व्हेनिसला मी त्याच्या बरोबरीने बॅगा उचलल्या, कारण व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, आहेत ते पूल, आणि पुलाला दोन्हीकडून पायऱ्या. हातात अजून हिरवा चुडा, त्यातल्या काही बांगड्या तिथल्याच एका पुलावर वाढल्या. काकांनीच आखून दिलेल्या प्लॅनमध्ये व्हेनिसला एकच रात्र होती, त्यातली दुपार हॉटेल शोधण्यात आणि सकाळ परत स्टेशन गाठण्यात. व्हेनिस करायचं तर दोन रात्री करा आणि हॉटेल सान्ता लुचिया स्टेशनपासून पूल कमीत कमी लागतील असं बघा, नाहीतर सरळ पाण्याअलीकडच्या मेस्त्रेला राहा, तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात. अर्थात मेस्त्रेला राहिलात तर रात्री दहानंतरचं रिकामं व्हेनिस हुकतं आणि माझ्या मते खरं व्हेनिस तेच आहे, दिवसा तिथे लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते.

माझ्या हातात असतं तर तुमच्या 12 दिवसांचं मी असं केलं असतं: पॅरिस 4 रात्री, इंटरलाकेनच्या बाजूला 4, व्हेनिस 2, आणि तिकडूनच घरी. पॅरिसच्या गार द लियोंहून बासेलपर्यंत टीजीव्ही ही वेगवान ट्रेन साधारण तीन तास, पुढे इंटरलाकेन दोन तास. इंटरलाकेनहून मिलानला गाडी बदलून व्हेनिस हा मोठा प्रवास आहे, जवळजवळ सगळा दिवस, पण आल्प्समधून जातो त्यामुळे वाया गेल्यासारखा वाटत नाही.

ॲमस्टरडॅम ट्युलिपसाठी म्हणालात, पण तिथली ट्युलिपची बाग कोयकेनहॉफ मेच्या मध्याला बंद होते, तुम्ही निघणार मे अखेरीस, म्हणजे ते आपोआपच कटलं. रोमला मी तीनपेक्षा कमी रात्री देणार नाही म्हणून ते पुढच्या वेळी. प्राग आणि व्हिएन्ना ह्यात कोंबूच नका, प्राग–व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन तास, तिन्ही मिळून छान वेगळी ट्रिप होते आणि पॅरिस-स्वित्झर्लंडपेक्षा खिशालाही बरी पडते. तुमच्यापैकी कोणाला आयफेलचं विशेष नसेल तर खरं तर तीच करा.

स्वित्झर्लंडला चार रात्री का, तर ढग. युंगफ्राउयोख हे बर्फातलं रेल्वे स्टेशन 3,454 मीटरवर आहे, तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, आणि आम्ही आधीपासून तारीख टाकून काढलेलं तिकीट घेऊन वर गेलो तर समोर नुसतं पांढरं. दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख होतं पण तो दिवस काकांच्या लिस्टप्रमाणे टिटलिस ह्या दुसऱ्या बर्फाच्या डोंगराचा. एवढ्या लांब जाऊन दोन्ही ठिकाणं बघायची काही गरज नाही हो, बर्फ तो बर्फ. चार रात्री हातात असल्या की रोज सकाळी वेबकॅमवर वरची स्थिती बघायची आणि मोकळं आकाश दिसेल त्या दिवशी तिकीट काढायचं. बाकीचे दिवस लाउटरब्रुनेनच्या दरीत फिरा, वेंगेन, म्युरेन करा, बोटीने तळ्यावर जा. खाली इंटरलाकेनला राहण्यापेक्षा लाउटरब्रुनेन किंवा वेंगेनला राहा असं मी म्हणेन पण तिथली दुकानं लवकर बंद होतात आणि रविवारी काही उघडतही नाहीत, त्यामुळे दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा. बायको व्हेज असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा.

पॅरिसबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, मी दोनच गोष्टी सांगते. लूव्र मंगळवारी बंद असतं. आणि मे अखेरीस तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या आसपास मावळतो, आयफेलचे चमचमणारे दिवे अंधार पडल्यावर तासातासाला पाच मिनिटं लागतात, म्हणजे ते बघून हॉटेलवर यायला साडेअकरा-बारा होणार. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची ट्रेन ठेवू नका. आमची ठेवली होती. कोणी ठेवली ते सांगायला नकोच.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाहीये पण मूळ प्लॅन त्यातच अडकेल. शेंगेन म्हणजे ह्या सगळ्या देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याचा अर्ज ज्या देशात सर्वात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, सारख्या असतील तर पहिल्यांदा जिथे शिरणार त्याच्याकडे. वरच्या प्लॅनमध्ये फ्रान्स 4 आणि स्वित्झर्लंड 4, म्हणजे फ्रान्स. सात शहरांच्या प्लॅनमध्ये रात्री मोजून बघा, कोणता देश ते तुम्हालाच कळणार नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे-जूनच्या अपॉइंटमेंट भराभर जातात, त्यामुळे तुमचा अर्ज लग्नाच्या आधीच जाईल. तेव्हा मॅरेज सर्टिफिकेट नसणार, मग दोघांचे अर्ज आपापल्या बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि ऑफिसच्या रजेच्या पत्रावर करा, लग्नपत्रिका जोडा. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फ्री कॅन्सलवालीच घ्या.

बजेटवर मी आकडा देणार नाही, आमची ट्रिप कोविडच्या आधीची आहे आणि तेव्हाचे भाव आता हसण्यासारखे आहेत. फक्त एवढं की तिकिटांचे पैसे घरातलं कोणी आहेर म्हणून देणार असेल तर गोड बोलून रोख घ्या आणि तिकीट स्वतः काढा.

आणि हो, वरचं सगळं मे-जून धरून आहे. काही कारणाने ट्रिप डिसेंबरवर गेली तर पॅरिसला संध्याकाळी पाचलाच अंधार होतो आणि डोंगरातल्या काही गाड्या आणि पायवाटा थंडीत बंद असतात, मग चार रात्री स्वित्झर्लंडला नकोत. तेव्हा प्राग–व्हिएन्नाच बरं, तिथे ख्रिसमसचे बाजार असतात. पासपोर्टवर बायकोचं नाव ह्या ट्रिपच्या आधी बदलायला जाऊ नका, कायद्याने सक्ती नाही, आणि व्हिसा एका नावावर, तिकीट दुसऱ्या नावावर झालं तर विमानतळावर निस्तरत बसावं लागेल.