जीपीएसचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला चढवू नका (हर्णैच्या दादांना उत्तर)

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सहा सिलिंडरची लाकडी बोट आहे, नवीन जीपीएस प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा सेट) घेतलाय, दुकानदार म्हणतो अँटेना डोलकाठीच्या टोकाला बसवा म्हणजे रेंज चांगली मिळेल, सोबतची दहा मीटरची केबल तिथपर्यंत पुरत नाही म्हणून तो टीव्हीची केबल जोडून देतो म्हणालाय, आणि जुन्या सेटला व्हीएचएफवर (बोटीच्या वायरलेसवर) बोललं की फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून पकडलेली जागा, जायचा तसं याला होऊ नये. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि जागा बरोबर निवडली तर बाकीचे दोन जवळपास तिथेच सुटतात.

आधी उंचीचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. व्हीएचएफला उंची लागते, कारण तो समोरच्या बोटीपर्यंत आडवा जातो आणि क्षितिजाच्या पलीकडे फारसा पोचत नाही, म्हणून त्याचा अँटेना जितका वर तितकं लांब ऐकू जातं. जीपीएसचं तसं नाही हो. उपग्रह वीस हजार दोनशे किलोमीटर वर फिरतायत, सिग्नल डोक्यावरून खाली येतो, त्यात तुम्ही पाच-सहा मीटर वर चढलात म्हणून काय फरक पडणार? त्याला फक्त चारी बाजूंनी मोकळं आभाळ हवं. दुकानदाराने एकाचा नियम दुसऱ्याला लावलाय, आणि आपल्याकडे बऱ्याच बोटींवर हेच दिसतं.

उलट टोकावर बसवून नुकसान होतं. हिशोब करून बघा, पाण्यापासून आठ मीटरवर अँटेना आहे आणि बोट दोन्ही बाजूंना पंधरा अंश कलंडतेय, तर अँटेना प्रत्येक बाजूला दोन मीटर जातो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मीटरचा झोका. एक पूर्ण झोका सहा सेकंदांचा धरला तर मधून जाताना अँटेनाचा बाजूला जाण्याचा वेग चार नॉटच्या वर भरतो. आणि जाळं ओढताना तुमची बोट चालते किती, दोन-तीन नॉट! म्हणजे बोटीच्या चालीपेक्षा अँटेनाचा झोका जास्त. सेट ते थोडंफार सरासरी काढून सपाट करतो पण तरी स्क्रीनवरचा बाण डावीउजवीकडे फिरत राहतो, स्पीड वरखाली होतो, आणि खडपाच्या कडेने ओढ घेताना तांडेलाला नेमकी तीच दिशा नीट हवी असते. तोच अँटेना पाण्यापासून तीन मीटरवर, केबिनच्या टपावर असेल तर झोका प्रत्येक बाजूला पाऊण मीटरवर येतो. म्हणून माझं मत पक्कं आहे, डोलकाठीचं टोक व्हीएचएफला द्या आणि जीपीएस खाली टपावर घ्या.

आता टपावर नेमका कुठे. डोलकाठीला चिकटून नको, चिमणीच्या मागे नको (उष्णता आणि काजळी दोन्ही), आणि जाळं ओढताना दोर आणि वायर ज्या बाजूने फिरतात तिथे तर अजिबात नको, एका फटक्यात जाईल. थेट टपाला टेकवूनही बसवू नका, एक-दीड फुटाचा पाइप लावून वर घ्या म्हणजे टपावर ठेवलेली टोपली, टायर, ताडपत्री याच्या आड येणार नाही. जवळ पत्रा किंवा लोखंड असेल तर सिग्नल त्यावर आपटून परत येतो आणि सेट फसतो, पोझिशन काही मीटर सरकलेली दाखवतो, फिक्स मात्र असतो त्यामुळे कुणाला कळतही नाही. व्हीएचएफच्या अँटेनापासून कमीत कमी एक मीटर लांब ठेवा, दोन मिळाले तर उत्तम. रडार असेल तर त्याच्या किरणाच्या समोर येता कामा नये, त्याच्या खाली किंवा वर घ्या.

तुमचा जुना सेट बोलताना का जायचा तेही इथेच समजून घ्या. जीपीएसची फ्रीक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ. आपला मरीन व्हीएचएफ १५६-१५७ च्या आसपास बोलतो, आणि कुठल्याही रेडिओतून मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतला थोडा कचरा बाहेर पडतोच, त्यातली दहावी पट काढा, बरोबर जीपीएसच्या शेजारी येते. वर व्हीएचएफ पंचवीस वॉटने फेकतोय आणि उपग्रहाचा सिग्नल खाली येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की रेडिओतल्या नेहमीच्या खरखरीच्या पातळीच्याही खाली असतो, मग शेजारी शेजारी बसवल्यावर कोण जिंकणार ते सांगायला नको. तुमच्या जुन्या सेटचे दोन्ही अँटेना एकाच आडव्या पाइपवर वीतभर अंतरावर होते असं तुम्हीच लिहिलंय, तेच कारण. सेट बिघडलेला नसेलही, विकायच्या आधी जागा बदलून बघा.

व्हीएचएफ एकटाच दोषी नसतो पण. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग नावाच्या मासेमारी बंदरात अख्ख्या बंदराचा जीपीएस गंडला होता, शोधत गेल्यावर निघालं काय तर बोटींवरचे अँप्लिफायरवाले टीव्ही अँटेना! टीव्ही बघणाऱ्याला कल्पनाही नव्हती. आणि स्वस्तातले एलईडी दिवे, त्यांच्या ड्रायव्हरमधून (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधून) रेडिओ कचरा निघतो, अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये एलईडीमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (बोटींची ओळख आणि जागा एकमेकींना कळवणारी यंत्रणा) बिघडतात म्हणून इशारा काढला होता. त्यामुळे टपावरच्या फोकसच्या कानाला लागून अँटेना बसवू नका.

केबल. टपावर बसवला की दहा मीटर पुरते, त्यामुळे जोड लागणारच नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. टीव्हीची केबल पंचाहत्तर ओहमची आणि जीपीएसची पन्नासची म्हणून लोक वाद घालतात, पण माझ्या मते खरा त्रास तो नाही. खरा त्रास जोडाचा आहे, तार पिळून वर काळी टेप गुंडाळतात, आणि टीव्हीच्या केबलची जाळी बहुतेक वेळा अॅल्युमिनियमची असते, ती खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये पांढरी पावडर होते. याच केबलमधून सेट वर अँटेनाला करंट पण पाठवत असतो, साधारण तीन ते पाच व्होल्ट, आतला छोटा अँप्लिफायर त्यावर चालतो. जोड कुजला की सिग्नलही गेला आणि करंटही गेला. उरलेली केबल कापू नका, मोठ्या वळणाचं सैल वेटोळं करून केबिनमध्ये बांधा, घट्ट दुमडू नका. व्हीएचएफच्या केबलला आणि इन्व्हर्टरच्या वायरला समांतर चिकटवून आणू नका, ओलांडायची असेल तर आडवी ओलांडा. केबिनमध्ये शिरायच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत येणार नाही, आणि भोकाला ग्लँड (केबलभोवती आवळून पाणी अडवणारी कडी) लावा.

बाहेर कुठे कनेक्टर येतच असेल तर आधी सेल्फ अमाल्गमेटिंग टेप, ती ताणून गुंडाळायची म्हणजे एकजीव होते, आणि तिच्यावर साधी काळी टेप उन्हापासून वाचवायला. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

पाइपबद्दल एक सांगतो कारण यात खूप अँटेना फुटलेत. अँटेनाच्या बुडाला बहुतेक कंपन्यांचे आटे एक इंची, इंचाला चौदा असे असतात. आपण हार्डवेअरमधून पाऊण इंची नळाचा पाइप आणतो, त्याचेही इंचाला चौदाच आटे, त्यामुळे सुरुवातीला धरल्यासारखं वाटतं, पण त्याचा बाहेरचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटरच्या जवळ आणि अँटेनाला हवा साडेपंचवीसच्या आत. मग पाना लावून जोर केला की प्लास्टिकला बारीक चीर जाते, दिसत नाही, पहिल्या पावसात पाणी आत. मरीन दुकानात अँटेनाचा बेस वेगळा मिळतो, तोच घ्या, आणि हाताने आवळा, पाना नको. नट-बोल्ट स्टेनलेस ३१६ चे.

बसवायच्या आधी चाचणी घ्या, हे कुणी करत नाही. अँटेना ठरलेल्या जागी नुसता दोरीने बांधा, बोट उघड्यावर असू दे. नवा सेट पहिल्यांदा चालू केला की पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका, सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात, आणि लोक पाच मिनिटांत सेट खराब म्हणून परत नेतात. मग उपग्रहांचं पान उघडा, बार (प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची उभी पट्टी) किती उंच आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आता एकेक वस्तू चालू करा, इंजिन, एको साउंडर (पाण्याची खोली मोजणारा), दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, आणि शेवटी व्हीएचएफ, कामाच्या चॅनेलवर दहा सेकंद बटण दाबून धरा (सोळावर नको, तो संकटासाठी मोकळा ठेवायचा). ज्या वस्तूने बार खाली बसले ती गुन्हेगार, अँटेना तिच्यापासून हातभर सरकवून पुन्हा बघा. सगळं जुळलं की मगच ड्रिल मारा, आणि लाकडातलं भोक इपॉक्सीने बंद करायला विसरू नका.

त्याच पानावर ४० आणि ४१ नंबर दिसतायत का बघा, ते आपल्या गगनचे (भारताच्या जीपीएस-दुरुस्ती यंत्रणेचे) उपग्रह, दुरुस्ती पाठवतात त्यामुळे पोझिशन जास्त नेमकी येते. सेटमध्ये वास (WAAS, अमेरिकेची तशीच यंत्रणा) किंवा एग्नॉस (EGNOS, युरोपची) नावाची सेटिंग असेल ती चालू ठेवा, गगन त्याच पद्धतीने चालतं.

पुढे कधी फिक्स गेला तर आधी केबल सेटवरून सोडवा आणि सेटच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा, मधली पिन आणि बाहेरची कडी, टोक एकमेकांना टेकू देऊ नका. तिथे व्होल्ट येत असतील तर सेट पाठवतोय, दोष केबलचा किंवा अँटेनाचा. नसतील तर सेट मेकॅनिककडे. आणि मासेमारीबंदीच्या काळात बोट रंगवायला घेतली की रंगाऱ्याला बजावून ठेवा, टपाबरोबर अँटेनाची टोपीही रंगवून टाकतात, काही रंगांत धातूची भुकटी असते आणि सिग्नल अडतो. ओल्या फडक्याने मीठ आणि पक्ष्यांची घाण पुसली की पुरे.

राहिला ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवणारं सरकारी योजनेतलं यंत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून ती योजना देशभर सुरू झाली, तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख बोटींना बसवायचे आहेत, तुमच्याकडे आला नसेल तर येईल. त्यालाही मोकळं आभाळ लागतं आणि तो उपग्रहाकडे स्वतः सिग्नल पाठवतो, तेव्हा टपाची एक बाजू आत्ताच त्याच्यासाठी सोडा, जीपीएस दुसऱ्या बाजूला घ्या. टपाची लांबी-रुंदी आणि डोलकाठी, चिमणी, दिवे कुठे आहेत त्याचा एक फोटो टाका, नेमकी जागा खूण करून देतो.