आयपी65 बॉक्स, वरून सिलिकॉन, तरी आत पाणी कसं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बोअरच्या पंपाचा आणि गेटच्या लाईटचा बॉक्स कंपाउंडच्या भिंतीवर आहे, त्यावर आयपी65 छापलंय, सगळीकडून सिलिकॉन मारलंय आणि तरी पाऊस लागला की आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो. आधी एक सांगतो, वायरमन आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो म्हणतोय ते अजिबात करू देऊ नका. 30 मिलिअँपचा तो आरसीसीबी पडतोय कारण कुठेतरी करंट गळतोय.

आता बॉक्स. आयपी65 मधला 6 धुळीचा आणि 5 पाण्याच्या फवाऱ्याचा, पण ते रेटिंग कंपनीतून आलेल्या बंद बॉक्सचं. तुम्ही होल पाडून वायर घातलीत की ते होल कसं बंद केलंय त्यावर सगळं. तुमच्या फोटोत केबल वरून शिरतेय, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरूनच ओघळत आत. सगळ्या केबल खालून घ्या, आणि शिरायच्या आधी केबलला खाली चांगला झोल द्या, पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, पुढे वर चढत नाही. होलात केबलच्या जाडीचाच ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळायची बूच) लावा. एकाच ग्लँडमध्ये दोन वायरी कोंबल्या तर मधे फट राहतेच राहते.

दुसरं म्हणजे आतलं सगळंच पाणी पावसाचं नसतं, आणि हे लोकांना पटत नाही. ऊन पडलं की आतली हवा तापून बाहेर जाते, मग सर आली की बॉक्स एकदम गार पडतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढून घेतो. जुलैत सकाळी झाकण उघडा, आतल्या बाजूला थेंब दिसतील. तुम्ही चारी बाजूंनी सिलिकॉन भरलंय तर हे पाणी जाणार कुठून? तळाला, सगळ्यात खाली, ड्रेन प्लग (आतलं पाणी बाहेर सोडणारी बूच) बसवा. नुसतं छोटं होल पाडलं तरी पाणी निघतं, फक्त मग ते आयपी65 राहिलं नाही आणि मुंग्या येतात, म्हणून जाळी लावायची. सिलिका जेलच्या पुड्या कोकणातल्या पावसाळ्यात लगेच भिजून जातात, त्यावर पैसे घालवू नका.

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत होता का? तसलं असेल तर खरवडून काढा, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर (म्हणजे तसलं ॲसिड न सोडणारं) लिहिलेलं मिळतं ते घ्या.

आणि बॉक्स कोरडा असूनही ट्रिप होत असेल तर केबलच बघा. बाहेर कुठे काळी टेप गुंडाळून जोड दिला असेल तर पाणी तिथून शिरतं आणि वरच्या आवरणाच्या आतून लांबवर जातं. असा जोड काढून अखंड केबल टाका, नाहीतर आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) वापरा.

शोधायचं असं, मेन बंद, टेस्टरने खात्री करा, मग वायरमनकडून पंप आणि लाईट दोन्हींचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून घ्या आणि एकेक करून परत जोडायला सांगा. नुसता स्विच बंद ठेवून कळणार नाही, न्यूट्रल ओला असला तरी आरसीसीबी पडतो. पंप जोडल्यावरच पडला तर बोअरमधल्या केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, तिथला जोड गेला असेल तर वरचा बॉक्स कितीही सुधारला तरी ट्रिप चालूच राहणार.