बंद पडलेला सोरॉरिटी चॅप्टर पुन्हा सुरू होतोय, तर आम्ही माजी सदस्यांनी नेमकं काय करायचं?

तू लिहिलंयस की तुमच्या सोरॉरिटीचा (म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या संघटनेचा) चॅप्टर, म्हणजे कॉलेजातली शाखा, रॅगिंगमुळे बंद झाला होता, आता संघटनेचं हेडक्वार्टर तो पुन्हा उघडतंय आणि तुला सल्लागार मंडळात बोलावलंय. (लहान दिसतेस, म्हणून ‘तू’.) जा की! पण मुली निवडायला जाऊ नकोस. पहिली तुकडी बहुधा हेडक्वार्टरची माणसं मुलाखती घेऊन निवडतात, पुढच्या तुकड्या त्याच मुली निवडतात. आपल्या वाट्याला कंटाळवाणी कामं येतात. बजेट तपासा, खजिनदार मुलीच्या मागे लागा, चॅप्टरचं राहायचं घर असेल तर छताच्या गळतीवर आणि विम्यावर डोकेफोड करा.

खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. आमचाही चॅप्टर असाच बंद झाला होता, मधली वर्षं घर भाड्याने दिलेलं होतं. ताब्यात आल्यावर तळघरातून कंपोझिट वर आणले, म्हणजे त्या त्या वर्षीच्या सगळ्या मुलींचे चेहरे असलेल्या भल्यामोठ्या फ्रेम. जिन्याच्या भिंतीवर त्यांचे खिळे तसेच होते. मंडळाच्या सर्वेसर्वा, सत्तरीच्या बाई, म्हणाल्या, शेवटच्या दोन वर्षांच्या राहू देत खालीच. नव्या मुलींना ते कशाला कळायला हवं? झाकली मूठ सव्वा लाखाची, अगदी आमच्या आत्याबाईंसारखं, फक्त इंग्रजीत आणि गळ्यात मोत्यांची माळ घालून. मी म्हटलं, अहो, पिझ्झा घेऊन येणाऱ्या पोराला ठाऊक आहे इथे काय झालं ते! मुलींनी फोनवर नुसतं नाव टाकलं की पहिली तीच बातमी येते. खडाजंगी झाली, मतं घेतली, मी हरले.

सेमिस्टर सुरू झाल्यावर नव्या अध्यक्ष मुलीने जिन्यात उभं राहून विचारलं, ‘मधे हे दोन खिळे रिकामे का?’ बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मग मीच सांगितलं, कोणाला हॉस्पिटलात न्यावं लागलं इथपर्यंत सगळं. फ्रेम त्या मुलींनी स्वतः वर आणून लावल्या. बाई त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत.

आणि लपवून लपतं कुठे? पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात 1933 साली विद्यार्थिनींनीच सोरॉरिटी बंद केल्या होत्या. काप्पा अल्फा थीटा तिथे परतली ती थेट 2013 च्या सुमारास, तरी फ्रॅटर्निटी (मुलांच्या अशाच संघटना) आणि सोरॉरिटी असाव्यात की नसाव्यात यावर विद्यार्थ्यांचं सार्वमत झालंच. ऐंशी वर्षांनी लोक विसरले नाहीत, तुमची तर कालपरवाची गोष्ट. तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगून मोकळी हो. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस.

हो, चॅप्टर नुसता मुली कमी पडल्या म्हणून बंद झाला असता तर मी एवढी तावातावाने बोलले नसते. तू स्वतः त्याच शेवटच्या वर्षांतली असशील, तर ते हेडक्वार्टरला माहीत आहे ना, ते आधी बघ. बंद झाल्यावर बरीच वर्षं थांबतात ते त्या काळातल्या मुली कॅम्पसवरून जाव्यात म्हणूनच. आणि अल्फा काप्पा अल्फासारख्या कृष्णवर्णीय सोरॉरिटींत पदवीधरांचे स्वतःचे चॅप्टर असतात, कॉलेजच्या चॅप्टरवर देखरेखही तेच ठेवतात. तिथे माझा सल्ला धरून मागे बसलीस तर बोलणी खाशील.