‘कोसला’ दोनदा अर्धवट सोडली. लोकांचा तिच्यावर एवढा जीव का, आणि ती वाचायची कशी?

तुमचा प्रश्न असा की दोनदा चाळीस-पन्नास पानांवर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी बाजूला ठेवली, तरी वाचणाऱ्या कुणालाही विचारलं की तिचंच नाव निघतं. मग त्यात एवढं आहे तरी काय? आधी वाचायची कशी ते सांगतो. जीव का जडतो याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

तेवढ्या पानांत ती सुटते, ती बहुतेक वेळा गोष्टीची वाट बघत बसल्यामुळे. गोष्ट चार ओळींची आहे. खानदेशातल्या सांगवीच्या खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. पुढे काय होणार हा प्रश्न मनात ठेवून वाचलं तर हात रिकामाच राहतो. इथे ऐकायचा असतो तो पांडुरंगचा आवाज. म्हणून रोज झोपताना दोन पानं, असं हे पुस्तक वाचू नका. पहिल्याच बैठकीत होस्टेलपर्यंत पोचा. एखादं पान मोठ्याने वाचून बघा. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’ हे शब्द डोळ्यांना खुपतात, पण कानाला लगेच कळतात. कुठलीही गोष्ट ठामपणे म्हणायला कचरणारा, मोठ्या शब्दांवर विश्वास नसलेला पंचविशीतला मुलगा बोलतोय, हे त्या लकबींतूनच उमगतं.

दुसरी अडचण माणसांच्या गर्दीची. मित्रांची, खोलीवाल्यांची, प्राध्यापकांची नावं ओळख करून न देताच येतात आणि जातात. ती पाठ ठेवायच्या नादी लागू नका. वडील, धाकटी बहीण मनी, पुण्यातला सुरेश बापट आणि गावचा गिरिधर एवढे धरून ठेवलेत तरी पुरे. मेसचा भाग मात्र घाईने उरकू नका. पांडुरंग हौसेने कारभार अंगावर घेतो आणि तो अंगाशी येतो. सगळ्यांचं भलं करायला निघालेल्या पोराच्या पदरी शेवटी देणं कसं उरतं, हे तिथे हिशेबासकट दिसतं. हसू येतं, आणि हसता हसता पुढच्या घसरणीची तयारी होऊन जाते. हा पूर्वार्धातला दंगा ज्याने मनापासून घेतला नाही, त्याला उत्तरार्ध नुसता रडका वाटतो.

रोजनिशीच्या रूपातला भाग कंटाळवाणा वाटेल, आणि तो तसा आहेच, कारण त्या मुलाचे दिवसच तसे चाललेत. पहिल्या वाचनात तो भरभर घेतला तरी चालेल, पण गाळू नका. भविष्यातले लोक आपल्या काळाचा इतिहास कसा लिहितील ही मित्रांची थट्टा एका दमात वाचा. शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवत वाचलंत तर जास्त मजा येईल.

मनीच्या मृत्यूची पानं मात्र निवांत वेळ काढून वाचा. देवीच्या आजारात ती चिमुरडी जाते. तोवर प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा मुलगा इथे दुःखाने आणि संतापाने फुटतो. मराठी कादंबरीत मरणं पुष्कळ आहेत, पण इतकं उघडं, सजवायला नकार देणारं दुःख फार थोडं. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत मनी पुन्हा त्याच्या मनात येते. हे दोन्ही भाग सलग वाचा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. ‘कोसला’ आवडते म्हणणाऱ्याला आवडलेली पानं विचारा, बहुतेकदा हीच सांगेल.

आता जीव का जडतो ते. कादंबरी 1963 साली आली, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते, म्हणजे पांडुरंगच्याच वयाचे. त्याआधीच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतला कॉलेजातला नायक देखणा तरी असायचा, नाहीतर ध्येयवादी. इथला नायक काहीच मिळवत नाही. अर्पणपत्रिकाच ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ अशी आहे. पहिला नंबर न आलेल्या, घरून आलेल्या पैशांचा हिशेब देताना जीभ अडखळणाऱ्या, शहरात परका आणि गावात निरुपयोगी ठरलेल्या पोरांना आपल्यावर कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. दर वर्षी अशी नवी पोरं गावाकडून शहरात येतच असतात, त्यामुळे हे पुस्तक जुनं होत नाही.

माझ्या मते त्याहून मोठं कारण दुसरं आहे. ही कादंबरी वयाबरोबर बाजू बदलते. विशीत आपण पूर्णपणे पांडुरंगच्या बाजूने असतो आणि त्याचे वडील निव्वळ जाच वाटतात. चाळिशीनंतर तीच पानं वाचताना पैसे पाठवणारा तो बाप दिसायला लागतो. त्याचा कडकपणा योग्य वाटतोच असं नाही, पण त्याच्या जागी बसून बघता येतं. शब्द तेच, पण भांडणाची दुसरी बाजू ऐकू येते. म्हणून लोक जुनी, पानं सुटलेली प्रतसुद्धा टाकून देत नाहीत.

एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. मुली या पुस्तकात कडेकडेनेच येतात. मनीचा भाग सोडला तर त्यांच्या मनात काय चाललंय ते फारसं कळत नाही. एखाद्या वाचक मुलीला हे पुस्तक ‘मुलांच्या होस्टेलचं’ वाटलं, तर ते तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

वाचायला छापील प्रतच घ्या. पॉप्युलर प्रकाशनाची मिळते. मोबाइलवर फिरणाऱ्या पुसट स्कॅनवर ही सलग, दाट पानं वाचायला गेलात तर तिसऱ्यांदाही सुटेल. शेवटचा गावाकडचा भाग संथ आहे. तिथे गती शोधू नका, रिकामटेकड्या पोरांची बोलणी ऐका. बोलीतला एखादा शब्द अडला तर तसाच पुढे जा, दोन ओळींत अर्थ लागतो.

एवढं करूनही मनीच्या पानांपर्यंत पोचून काहीच हललं नाही, तर खुशाल ठेवून द्या आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीतलं नववीचं वर्ष आहे, गोष्ट सरळ पुढे जाते, दोन-तीन दिवसांत संपते. आणि ‘कोसला’ लागलीच, तर लगेच नेमाड्यांच्या ‘हिंदू’ या कादंबरीकडे वळू नका, आधी त्यांचीच ‘बिढार’ घ्या.