एक्स्पान्शन घेण्याआधी एवढं बघ

भावा, ‘मेमॉयर ४४’ ह्या दुसऱ्या महायुद्धावरच्या बोर्डगेमचं ‘ईस्टर्न फ्रंट’ हे एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा जादा बॉक्स, मागवू का, असं विचारलंस. आधी सांग, मूळ बॉक्समधल्या किती लढाया बाजू बदलून खेळून झाल्या? एकच लढाई दोन्हीकडनं खेळल्याशिवाय कळत नाही. तेवढं झालं नसेल तर थांब.

एक्स्पान्शनमध्ये सैनिक किती मिळतात ते मोजत बसू नकोस. तुझे निर्णय बदलतात का, ते बघ. ‘ईस्टर्न फ्रंट’ (२००६) मध्ये सोव्हिएत फौज येते, बर्फाळ प्रदेश येतो, पण खरी गंमत कमिसारच्या, म्हणजे सोव्हिएत फौजेतल्या राजकीय अधिकाऱ्याच्या, नियमात आहे. सोव्हिएत खेळाडूला बहुतेक कार्डं एक खेळी आधीच निवडून कमिसारच्या चकतीखाली पालथी ठेवावी लागतात. परवा राजारामपुरीत खेळताना मी डाव्या बगलेची फौज हलवायचं कार्ड ठेवून बसलो, आणि जर्मन रणगाडे उजवीकडनं घुसले. हात बांधल्यासारखं झालं. फासे तेच, रणगाडे तेच, पण डोकं पार वेगळं चालवावं लागलं. ह्याला म्हणायचं भर!

‘टेरेन पॅक’ ह्या दुसऱ्या एक्स्पान्शनमध्ये नवी फौज नाही, मुख्य भर भूप्रदेशाच्या टाइल्स आणि त्यांच्या नियमांवर. दिसायला फिका वाटतो. पण स्वतः लढाया रचायची हौस असेल तर तोच जास्त वेळा टेबलावर येतो, माझ्याकडं तरी आलाय.

आणि समोर बसणारा गडी पक्का आहे का, तेही बघ. रविवारी ये, माझाच बॉक्स उघडू. सोव्हिएत बाजू तू घे.