ट्रेनिंगला जातेयस, पण सगळं बंद करून जाऊ नकोस

अगं, तुझा मेसेज मिळाला. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग, नवीन शहर, मोठी बॅच, सगळं छान आहे, मनापासून अभिनंदन. पण शेवटी तू लिहिलंयस ना, की तेवढे दिवस सकाळचं पळणं आणि रात्रीची चित्रं बंद ठेवते, आल्यावर बघू, त्यावर मला बोलायचंय म्हणून मेसेज न करता एवढं मोठं लिहायला बसलेय.

बंद नको करूस. कमी कर, अगदी नावापुरतं कर, पण चालू ठेव. आल्यावर तुझ्यासमोर तीन आठवड्यांचं तुंबलेलं काम असणार, मेल असणार, आता शिकून आलीस तर करून दाखव म्हणून वरचे मागे लागणार, आणि त्या गडबडीत चित्रांची वही कुठल्या ड्रॉवरमध्ये गेली तेही आठवणार नाही. मी कितीतरी हुशार पोरापोरींच्या बाबतीत हे बघितलंय, एका ट्रेनिंगला गेले आणि पोहणं सुटलं ते सुटलंच, वाजवणं सुटलं ते सुटलंच. आणि समजा, आल्यावर सगळं परत सुरू झालं, तरी ते तीन आठवडे पण तुझेच आहेत ना? तिकीट ऑफिसने काढलं म्हणून चोवीस तास ऑफिसचे होत नाहीत.

तुला वाटत असेल की शिकायला गेलेय तर पूर्ण वेळ शिकण्यातच घालवला पाहिजे. उलट आहे गं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर तासाभरात अर्ध्याहून जास्त डोक्यातून जातात. ट्रेनिंगमधल्या स्लाईड अगदीच अर्थहीन नसतात म्हणा, पण दिवसभर एकावर एक ओतलं की गळती होतेच. ते टिकवायला दोन गोष्टी खरोखर उपयोगी पडतात, एक म्हणजे थोड्या थोड्या अंतराने परत आठवून बघणं आणि दुसरी म्हणजे झोप, कारण दिवसभराचं शिकलेलं पक्कं बसतं ते झोपेत. म्हणजे रात्री अकरापर्यंत हँडआउट चाळत बसण्यापेक्षा संध्याकाळी वीस मिनिटं कागद बंद करून आज काय काय झालं ते आठवून लिहून काढ, अडेल तेवढंच उघडून बघ, आणि मग तुझी चित्रं काढून वेळेवर झोप. तुझं शिक्षण यात जास्त होईल, कमी नाही.

झोपेवरून आठवलं, पहिल्या रात्री झोप नीट लागणार नाही आणि त्याचं टेन्शन घ्यायचं नाही. नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग जरा सावधच राहतो, 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलंय, त्यांना डावा भाग जास्त जागा सापडला आणि नंतरच्या रात्री तो फरक राहिला नाही. म्हणून जमलं तर एक दिवस आधी पोच, म्हणजे ती कच्ची रात्र ट्रेनिंगच्या आधीच उरकते. घरची उशीची खोळ ने सोबत, ओळखीचा वास आणि ओळखीचं कापड बरं वाटतं. रूमच्या पडद्यांना मधे हमखास फट असते आणि पहाटे नेमका तिथूनच उजेड तोंडावर येतो, तर कपाटात क्लिपवाला हँगर असतो ना पँट अडकवायचा, त्याच्या क्लिपांनी दोन्ही पडदे एकत्र पकडून टाक. आणि दुपारनंतर कॉफी बंद. जेवणानंतरच्या सेशनला सगळे डुलक्या घेतात आणि चारच्या ब्रेकला दोन दोन कप ढोसतात, पण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, चारची कॉफी रात्री नऊला पण अर्धी अंगात असते.

आता खरी अडचण कुठे येते ते सांगते. ती सकाळी येत नाही, ती येते सहा ते सातच्या मधे. सेशन संपतं, तू रूमवर येतेस, बॅग खुर्चीवर टाकतेस, "पाच मिनिटं" म्हणून बुटांसकट बेडवर आडवी होतेस आणि हातात फोन येतो. मग एकदम ग्रुपवर मेसेज दिसतो, सगळे खाली जमलेत जेवायला चल, तास गेलेला असतो आणि आरामही झालेला नसतो. हा तास तू वाचवलास ना तर बाकी सगळं आपोआप जमतं. त्यासाठी रूमवर येऊन बसायचंच नाही. सकाळी निघतानाच पळायचे कपडे बेडवर काढून ठेव, आलं की बदल आणि लगेच बाहेर, रोजच्याइतकं पळायचं नाहीये, वीस मिनिटं भरभर चाललीस तरी पुष्कळ झालं. दिवसभर एसी हॉलमध्ये बसून राहिलेल्या अंगाला तेवढंच हवं असतं. नवीन शहर आहे, अंधार लवकर पडत असेल तर रिसेप्शनवर विचारून रस्ता ठरव, दोघी तिघी मिळून जा, आणि नाहीच जमलं तर जिने चढउतर कर पण त्या बेडवर पडू नकोस.

चित्रांचं अजून सोपं आहे. घरचं सगळं सामान नेऊ नकोस, ते काढून मांडायचाच कंटाळा येतो. हातात मावेल एवढी वही आणि एक पेन, बस. रोज एकच वस्तू काढायची, रूमची किल्ली काढ, समोरच्या खिडक्या काढ, ट्रेनरचा चष्मा काढ. रोजच्याइतकं सुंदर येणार नाही, येऊ नये असंच समज. हात चालू राहायला पाहिजे एवढंच.

बॅचबरोबर जेवायला जायचं की नाही हे तू विचारलं नाहीयेस पण विचारशील. जा. पहिले दोन तीन दिवस तर जाच, कारण पुढे कामात अडकलीस की तुला फोन करायला हीच माणसं असणार आहेत आणि ओळख जेवणाच्या टेबलावर जेवढी होते तेवढी हॉलमध्ये होत नाही. पण रोज नको. काही जण रोज रात्री एकपर्यंत बसतात आणि न येणाऱ्याला चिडवतात, चिडवू देत. "मी आज लवकर जाते" एवढं हसून सांगायचं आणि उठायचं, कारण सांगत बसायचं नाही, कारण दिलं की लोक त्याच्यावर वाद घालतात. मला विचारशील तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आधीच स्वतःच्या म्हणून ठरवून टाक.

रूम शेअरिंगची असेल तर पहिल्याच दिवशी पार्टनरशी बोलून घे, लाईट किती वाजता बंद, अलार्म कोणाचा कितीला, फोनवर बोलायला कोण कुठे जाणार. आठवड्याने बोललीस तर ती तक्रार वाटते.

मधल्या रविवारी लोक दिवसभराची ट्रिप काढतात. हौस असेल तर जा, पण निदान दुसऱ्या रविवारी तरी अर्धा दिवस एकटीने भटक, वही घेऊन, कुठे पोचायचं न ठरवता. घरी फोनचं पण एकदाच ठरवून घे, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, नाहीतर दिवसभर तुकड्या तुकड्यात मेसेज चालू राहतात आणि तू ना धड तिकडे ना धड इकडे.

एखाद दिवस सगळंच कोलमडेल, असेसमेंट असेल, डोकं दुखेल, काहीच होणार नाही. तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नकोस, नेहमीचं तेवढंच कर.

शेड्यूल हातात आलं की मला पाठव. सेशन किती वाजता सुटतायत आणि होमवर्क कुठल्या दिवशी आहे ते बघून तुझ्या दोन संध्याकाळी कुठल्या ते आपण फोनवर ठरवू.

तुझी ताई